प्रपोजरची सही

"मॅडम, हे कार्ड चालत नाय म्हणे. नेट गेलंय का तुमचं?"

काउंटरच्या काचेखालून एक हेल्थ कार्ड आत सरकलं. आमच्याच कंपनीचं, कडा झिजलेलं. पलीकडे एक बाई उभ्या होत्या. वय सेहेचाळीस-सत्तेचाळीस, केस कानापर्यंत आखूड, जाड फाइल छातीशी धरलेली. त्या सरळ हॉस्पिटलमधून आल्या होत्या. तिथल्या इन्शुरन्स डेस्कवरच्या मुलीने नंबर टाकून पाहिला आणि 'पॉलिसी अ‍ॅक्टिव्ह नाही, ब्रँचला जाऊन या' म्हणून पाठवून दिलं होतं.

मी नंबर टाकला. स्क्रीनवर आलं: कॅन्सल्ड. कारण: कस्टमरची विनंती. तारीख चोवीस दिवसांपूर्वीची. त्याखाली ज्याने एंट्री केली त्याचा युजर आयडी असतो. तो माझा होता.

मी नाशिकला, शरणपूर रोडच्या ब्रँचमध्ये कस्टमर सर्व्हिसला होते. गेल्या वर्षी निवृत्त झाले. पॉलिसी काढायला लोक एजंटकडे जातात. आमच्या काउंटरवर येतात ते पत्ता बदलायला, नाव दुरुस्त करायला, नाहीतर पॉलिसी बंद करायला. बंद करण्याचे अर्ज मी इतके घेतले आहेत की चेहरे लक्षात राहत नाहीत. हा एक राहिला.

बाईंचं नाव मंदाकिनी राजेंद्र विधाते. पॉलिसी फ्लोटर होती. फ्लोटर म्हणजे घरातल्या सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी. त्यात एक जण प्रपोजर असतो, म्हणजे ज्याच्या नावावर पॉलिसी आहे तो. बाकीचे नुसते मेंबर. हप्ता प्रपोजर भरतो, मेसेज त्याच्या मोबाइलवर जातात आणि बंद करायची झाली तर सही त्याच्या एकट्याची लागते. मेंबरची लागत नाही. मेंबरला कळवायचं, असंही कुठे लिहिलेलं नाही.

इथे प्रपोजर होते राजेंद्र विधाते. मेंबर पत्नी मंदाकिनी. मुलगी होती, पण लग्न होऊन चांदवडला गेली तेव्हा तिचं नाव निघालं होतं.

"नेट नाही गेलं," मी म्हटलं. "पॉलिसी रद्द झालीये."

"मी नाय केली."

"ज्यांच्या नावावर आहे त्यांनी अर्ज दिला तर होते."

त्यांनी कार्ड परत हातात घेतलं.

"ह्यांनी," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "कधी?"

मी अर्जाची तारीख सांगितली. त्यांनी बोटावर दिवस मोजले. "म्हणजे नोटीस हातात पडली त्याच आठवड्यात."

मला तेव्हा काही समजलं नाही. पुढे समजलं. मंदाताई सात-आठ महिन्यांपासून इंदिरानगरचं घर सोडून मखमलाबादला भावाकडे राहत होत्या. महिन्याभरापूर्वी त्यांनी वकिलामार्फत घटस्फोटाची नोटीस पाठवली होती.

"बरं, मग चालू करा परत," त्या म्हणाल्या. "हप्ता मी भरते. इथून पुढं माझ्या नावावर करा."

मी फाइल मागितली. पाच वर्षांपूर्वी डाव्या बाजूचा स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो, रेडिएशन. सगळं आमच्याच पॉलिसीवर झालं होतं, कंपनीने एकही प्रश्न न विचारता. विचारणार कसा, पॉलिसी तेव्हाच चार वर्षांची झाली होती. आता नऊ वर्षांची. अशा पॉलिसीला मी मुरलेली पॉलिसी म्हणत असे. सुरुवातीची सगळी बंधनं संपलेली असतात. जुना आजार, नवा आजार, सगळं कव्हर. फाइलमध्ये सगळ्यात वरचा कागद त्या दिवशीचा होता. डाव्या काखेत गाठ. डॉक्टरांनी बायोप्सी सांगितली होती.

मी फाइल मिटली आणि त्यांना बसायला सांगितलं. पाणी दिलं. 'वर विचारून बघते' म्हणाले. मनात मला उत्तर माहीत होतं.

राजेंद्र विधाते आले तो दिवस मला नंतर नीट आठवला. आठवावा लागला. अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, पन्नाशीचा माणूस, इन केलेला शर्ट. काउंटरसमोर सात-आठ जण होते. त्यांनी अर्ज घरूनच लिहून आणला होता. कारण: 'कंपनीत ग्रुप इन्शुरन्स मिळाला आहे.' हे कारण रोजचं. कारखान्याने सगळ्या कामगारांसाठी एकत्र पॉलिसी घेतली की लोक स्वतःची बंद करतात. एकाच गोष्टीचे दोन हप्ते का भरायचे, असा हिशेब.

आमच्या फॉर्मवर अशा वेळी एक चौकोन असतो. 'रद्द केल्याचे परिणाम ग्राहकास समजावून सांगितले.' तिथे खूण करण्याआधी दोन मिनिटं बोलायचं असतं. सांगायचं असतं की बाबा, ही बंद केली की जुनी वर्षं वाया जातात. पुन्हा घ्याल तेव्हा पहिल्यापासून सुरुवात. मधे आजार झाला असेल तर कदाचित मिळणारच नाही. घरातल्या कुणाला वेगळी हवी असेल तर बंद न करता रिन्यूअलच्या वेळी वेगळी करून घ्या, जुनी वर्षं धरून मिळते.

मी खूण केली. बोलले नाही. मागून कोणीतरी 'मॅडम, लवकर' म्हणत होतं आणि विधाते घाईत होते. नोटिशीचे सात दिवस असतात, ते सिस्टीमने आपोआप मोजले. दोन मेसेज गेले, दोन्ही त्यांच्याच मोबाइलवर. आठव्या दिवशी पॉलिसी संपली.

संध्याकाळी मी ब्रँच मॅनेजरकडे गेले. देसले साहेब मालेगावकडचे. माणूस वाईट नव्हता, पण भानगडीपासून चार हात लांब राहणारा.

"गायधनी मॅडम, प्रपोजरची सही आहे?"

"आहे."

"मग आपलं चुकलं कुठं? नवरा-बायकोच्या भांडणात ब्रँचने पडायचं नसतं."

"त्यांना परिणाम सांगितले नव्हते मी."

साहेबांनी दार लोटून घेतलं. "फॉर्मवर टिक आहे ना?"

"आहे."

"मग सांगितलेत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला फोन लावला. तिथे अंडररायटर बसतात. कोणाला विमा द्यायचा आणि कोणाला नाही, हे ठरवणारी माणसं. आमच्या झोनला एक डॉक्टर होत्या. मी केस सांगितली.

"ब्रेक पडला की मेंबर नवा," त्या म्हणाल्या. "आणि फ्रेश प्रपोजल म्हणून कॅन्सर हिस्ट्री मी घेऊ शकत नाही. दुसरी कुठलीही कंपनी घेणार नाही."

"काहीच मार्ग नाही?"

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. "तीस दिवसांच्या आत प्रपोजरने लिहून दिलं की गैरसमजातून रद्द केली, तर रीइन्स्टेटमेंटसाठी पाठवा. म्हणजे जुनीच पॉलिसी परत जिवंत करायची. अर्ज प्रपोजरचाच हवा. सोबत प्रत्येक मेंबरचं हेल्थ डिक्लरेशन. प्रॉमिस करत नाही हं."

पाच दिवस उरले होते.

मी विधात्यांना फोन केला. 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून त्यांनी ठेवला. दुपारी परत केला, उचलला नाही. रविवारी सकाळी मी स्कूटर काढली आणि इंदिरानगरला गेले. साहेबांना सांगितलं नाही. पत्ता आमच्याच रेकॉर्डला होता. एखाद्याचा पत्ता असा वापरायचा नसतो, हे मला माहीत होतं.

दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. विधात्यांनी दार उघडलं तेव्हा हात साबणाने ओले होते. भांडी घासत होते. मला ओळखायला त्यांना थोडा वेळ लागला.

"पॉलिसीचं काही राहिलं का?"

"मंदाकिनीताई ब्रँचला आल्या होत्या."

त्यांनी मला बसायला सांगितलं आणि स्वतः उभेच राहिले. हॉलमध्ये एका बाजूला इस्त्रीचे कपडे, टीपॉयवर चार दिवसांचे पेपर. घर अस्ताव्यस्त नव्हतं. नुसतं एका माणसाचं होतं.

"हे बघा मॅडम, नोटीस तिनेच पाठवली. तिला माझ्याशी संबंध नको. मग तिचा हप्ता मी का भरायचा? तुम्हीच सांगा."

"नका भरू. पण बंद करण्याआधी तिला वेगळी काढू द्यायची होती."

"मग काढू दे की. कोण अडवतंय? जागोजागी एजंट बसलेत."

"तिला कुणी देणार नाही, विधाते."

"का?"

"कॅन्सर झालेल्या माणसाला नवीन पॉलिसी देत नाहीत. ती जुनी होती म्हणून चालू होती. ती संपली."

ते खाली बसले. हात पुसायचं राहिलं होतं, पॅन्टवर पाण्याचे डाग पडले.

"पाच वर्षं झाली त्याला. बरी झाली ती."

"बरी झाली तरी."

"हे मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले.

आता मी सांगायचं होतं. सांगितलं. "मी सांगायला हवं होतं. ते माझं काम होतं. नाही सांगितलं."

ते माझ्यावर चिडतील असं वाटलं होतं. चिडले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर थोडी सुटका दिसली, आणि ती मला आवडली नाही. चूक दोघांत वाटली गेली की प्रत्येकाला आपला वाटा लहान वाटतो.

मी अर्जाचा कागद पुढे केला. त्यांनी वाचला, दोनदा वाचला, आणि टीपॉयवर ठेवला.

"सही करतो. तिला म्हणावं, नोटीस मागे घे."

"हा निरोप मी कसा नेऊ?"

"आल्यात ना इथपर्यंत? मग तिथपर्यंतही जा. केमोला मी गेलो नाही म्हणून ती अजून बोलते. मला रजा मिळत नव्हती, मॅडम. कारखान्यात तेव्हा माणसं कमी करत होते. नोकरी गेली असती तर घर कशावर चाललं असतं? हे तिला कधी पटलं नाही."

मी निरोप नेणार नाही असं म्हणून उठले. आणि नेला. तिथून सरळ मखमलाबादला गेले.

मंदाताईंच्या भावाचं दोन एकर शेत. शेवंती आणि गुलाब. रविवार असला तरी सोमवारच्या मालाची तयारी चालू होती. शेडमध्ये चार बाया गुलाबाच्या काड्यांची पानं काढून जुड्या बांधत होत्या. मंदाताई त्यांच्यातच बसल्या होत्या, डावा हात मांडीवर ठेवून, उजव्याने काम करत. मला बघून उठल्या. आम्ही बांधावरच्या आंब्याखाली जाऊन उभ्या राहिलो.

मी आधी माझं सांगितलं. तो अर्ज मीच घेतला होता. विचारायला हवं होतं ते विचारलं नव्हतं.

त्या ऐकून घेत होत्या. "तुम्हाला काय माहीत, आमच्या घरात काय चाललंय," त्या म्हणाल्या. मी थोडी मोकळी झाले तेवढ्यात पुढचं वाक्य आलं. "पण विचारायला पायजे होतं."

मग मी अट सांगितली.

"सहा केमो झाल्या माझ्या," त्या म्हणाल्या. "पाच वेळा भाऊ होता. एकदा मी एकटी गेले. रिक्षानं. येताना रिक्षावाल्यानं गाडी थांबवून मला उलटी करू दिली, पाणी दिलं. त्याचं नाव पण माहीत नाय मला. मॅडम, सही पायजे म्हणून मी परत त्या घरात जाऊ?"

"मी तसं म्हणत नाही."

"मग त्यांना सांगा, नोटीस मागं घेणार नाय. आणि गाठीचं सांगितलंय का तुम्ही त्यांना?"

"नाही. ते तुमचं आहे. मला सांगता येत नाही."

"नका सांगू. कीव आली म्हणून सही केली, असं मला नको."

शेडमधून कुणीतरी त्यांना हाक मारली, टेम्पो आला म्हणून. त्या गेल्या. मला वाटलं, संपलं.

सोमवार गेला. मंगळवारी, एकोणतिसाव्या दिवशी, सकाळी साडेदहाला ब्रँच उघडली तेव्हा राजेंद्र विधाते दारात उभे होते. कामावर रजा टाकून आले होते. दाढी केलेली नव्हती.

"चांदवडहून लेकीचा फोन आला होता," ते म्हणाले. मुलीला आईने सांगितलं होतं, मुलीने बापाला. "कुठे लिहायचं?"

मी जागा दाखवली. त्यांनी लिहिलं: 'गैरसमजातून रद्द केली, कृपया पुन्हा चालू करावी.' सही केली. अटीचं नाव काढलं नाही. नंतर पेन हातात तसंच धरून बसले.

"गाठ कुठल्या बाजूला आहे?"

"मला सांगता येत नाही, विधाते."

"डावीकडेच असणार," ते स्वतःशीच म्हणाले. "मागच्या वेळी डावीकडेच होती." आणि उठून गेले.

दुपारी मंदाताई आल्या, हेल्थ डिक्लरेशन भरायला. देसले साहेबांना आता सगळं कळलं होतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात सांगितलं, "बायोप्सी अजून झाली नाही ना? निदान झालेलं नाही म्हणजे आजार नाही. 'नाही' लिहून घ्या आणि पाठवा. बाईचं भलं होईल." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी फॉर्म मंदाताईंसमोर ठेवला. चौथा प्रश्न: 'पॉलिसी रद्द झाल्यापासून आजपर्यंत कोणतीही तक्रार, तपासणी किंवा उपचार झाला आहे का?'

"इथं काय लिहू?"

"जे आहे ते."

"लिहिलं तर देतील?"

"बहुतेक नाही."

"आणि नाय लिहिलं तर?"

"तर कदाचित देतील. मग क्लेम आला की हॉस्पिटलचे कागद मागवतील. त्यावर तारीख असेल. तेव्हा नाही म्हणतील. आणि तेव्हा तुम्ही अ‍ॅडमिट असाल."

हे मी त्यांना पूर्ण सांगितलं. या वेळी मागे रांग होती तरी सांगितलं. कुणीतरी कुरकुर केली, करू दिली.

मंदाताईंनी पेन घेतलं. त्यांचं अक्षर मोठं, सुटं होतं. 'डाव्या काखेत गाठ आहे. डॉक्टरांनी तपासायला सांगितली आहे.' खाली सही. सही करताना त्यांनी नाव पूर्ण लिहिलं, मंदाकिनी विधाते.

पुण्याहून चार दिवसांनी मेल आली. दोन ओळींची. नवीन वैद्यकीय बाब लक्षात घेता रीइन्स्टेटमेंटची विनंती मान्य करता येत नाही. डॉक्टर बाईंनी नंतर मला फोन केला. "सॉरी," म्हणाल्या. "खरं लिहिलंय त्यांनी, म्हणून नाही म्हणावं लागलं." त्यांना दोष देता येत नाही. विमा म्हणजे न झालेल्या गोष्टीचा करार. झालेल्या गोष्टीचा करता येत नाही.

मी पत्र छापून मंदाताईंना दिलं.

"हे जपून ठेवायचं का?"

"ठेवा. पुढे कुठलाही विम्याचा फॉर्म भरलात, तर त्यात विचारतात, आधी कुणी नाकारलंय का."

"म्हणजे तिथं पण हो लिहायचं."

"हो."

त्यांनी पत्राची घडी केली आणि फाइलमध्ये सगळ्यात मागे घातली.

मी त्यांना तक्रार करायला सांगितलं. कंपनीकडे, माझ्याविरुद्ध. अर्जाचा मसुदा मीच करून दिला. साहेब महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. चौकशी झाली. मी लेखी दिलं की परिणाम समजावले नव्हते, खूण खोटी होती. मला ताकीद देणारं पत्र मिळालं, ते माझ्या सर्व्हिस रेकॉर्डला लागलं. मंदाताईंना उत्तर मिळालं ते असं: 'परिणाम समजावून सांगणे हे प्रपोजरच्या संदर्भात आहे. आपण प्रपोजर नाही. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' बायोप्सीचा रिपोर्ट त्याच आठवड्यात आला. जुनाच आजार परत आला होता.

उपचार झाले. सरकारी योजनेत झाले. योजना आहे म्हणून झाले, हे सांगायला हवं. पण पहिल्या वेळी त्या ज्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या, ज्यांना त्यांचं शरीर माहीत होतं, त्यांचं हॉस्पिटल त्या योजनेत नव्हतं. नवीन ठिकाणी पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. कागद जमवणं, मंजुरीची वाट, एका तपासणीसाठी तीन चकरा. भाऊ फुलांचा माल मार्केटला टाकून तिथे येऊन बसायचा. एक औषध यादीत नव्हतं, ते घेता आलं नाही. त्याच्याऐवजी दुसरं दिलं. पहिल्याने काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही.

मी एकदा भेटायला गेले होते. वॉर्डच्या बाहेर बाकावर राजेंद्र विधाते बसले होते. आत जात नव्हते. त्यांना आत बोलावलेलं नव्हतं.

"आमच्या कंपनीच्या पॉलिसीत तिचं नाव घालता येईल का?" त्यांनी मला विचारलं. "एचआरला विचारलं. ते म्हणतात, आता मधेच नाही. मी फॉर्म भरताना बायकोचा रकाना रिकामा ठेवला होता."

एचआरचं बरोबर होतं. ग्रुप पॉलिसीत वर्षाच्या मधे बायकोचं नाव घालता येतं ते नवीन लग्न झालं असेल तरच. नाहीतर पुढच्या रिन्यूअलपर्यंत थांबायचं. पण ग्रुपमध्ये एक सोय असते. तिथे जुना आजार विचारत नाहीत. कॅन्सर असो, काहीही असो, नाव घातलं की त्या दिवसापासून कव्हर. अट एकच. ती त्या कामगाराची बायको असली पाहिजे. घटस्फोट झाला की नाव निघतं.

"रिन्यूअल कधी आहे?"

"आठ महिन्यांनी."

हे मंदाताईंना मी सांगितलं. या वेळी निरोप म्हणून नाही, माहिती म्हणून. नियम सांगितला, दोन्ही बाजू सांगितल्या, आणि ठरवायचं त्यांच्यावर सोडलं. त्या पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या, डावा हात सुजलेला, केस पुन्हा गेलेले. 

"म्हणजे हे काय करायचं? वकिलाला सांगायचं, थांब म्हणून?"

"तुमची इच्छा असेल तर."

"इच्छा," त्या म्हणाल्या, आणि तोंड भिंतीकडे केलं.

आठ महिन्यांनी कारखान्याच्या पॉलिसीत बायकोचा रकाना भरला गेला. विधात्यांनी मला फोन करून सांगितलं. आवाजात आनंद नव्हता, हिशेब पूर्ण केल्यासारखं होतं. मंदाताई मखमलाबादलाच राहतात. इंदिरानगरला गेल्या नाहीत. विधाते दर रिन्यूअलच्या आधी एचआरचा फॉर्म घेऊन भावाच्या शेतावर जातात, मंदाताई शेडच्या बाहेर उभ्या राहून जन्मतारीख आणि आधार नंबर तपासतात आणि कागद परत करतात. जुन्या डॉक्टरांकडे आता त्यांना जाता येतं. तब्येत चढउतार करत असते.

मी निवृत्त झाल्यावर मंदाताईंचा एकदा फोन आला होता. कुठल्याशा बिलाचं विचारायला. बोलता बोलता मी विचारलं, कोर्टाचं पुढे काय केलंत.

"काय करणार? दर वर्षी वकील विचारतो, पुढं न्यायचं का. मी म्हणते, थांब. लग्न सध्या रिन्यूअलवर ठेवलंय, मॅडम."

त्या हसल्या. मी हसू शकले नाही.

मला ओळखीचे लोक अजून विचारतात, अमुक पॉलिसी बंद करू का, हप्ता फार वाढलाय. मी सांगते, दुसरी मंजूर होऊन कागद हातात येईपर्यंत जुनी सोडू नका. मंजूर झालीये असं एजंट म्हणाला, तेवढ्यावर जाऊ नका. आणि घरातल्या बाईची पॉलिसी तिच्या स्वतःच्या नावावर काढा. ती निरोगी आहे, घरात सगळं बरं चाललंय, तेव्हाच काढा. एकदा आजार झाला की तिला तिच्या नावावर विमा कुणी देत नाही. दिलाच तर कुणाची तरी बायको म्हणून देतात.